घशातून आलेला रंग

सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या घरात सालं अशीच लक्षात राहतात. धाकटी लेक नोकरीला लागली ते वर्ष, छपराचे पत्रे उडाले ते वर्ष, तसं हे सासूबाईंच्या खुब्याचं वर्ष. पलंगावर पडल्या पडल्या त्या घरभर हुकूम सोडायच्या. माझा थोरला त्यांना म्हणायचा, "आजी, हाड मोडलं पण जीभ शाबूत राहिली, नशीब आमचं." मग त्या हाताला लागेल ते त्याच्यावर फेकायच्या आणि तो झेलून पुन्हा त्यांच्या उशाशी ठेवायचा.

थोरल्याला सगळे बगळा म्हणत. लांब पाय, बारीक मान, आणि दिवसभर ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा. पाणी तपासायच्या कचेरीत तो कामाला होता. ओढ्यातून किती पाणी वाहतं, विहिरी किती खाली गेल्या, पाण्यात काय मिसळलंय, हे तिथे बघत. मीही तिथेच होते, बाटल्या धुवायला. नमुन्याच्या बाटलीत आधीच्या पाण्याचा थेंब राहिला तर नव्या पाण्याचा हिशेब चुकतो, म्हणून ते काम जपून करावं लागे. अक्षरं मी त्या बाटल्यांवरच शिकले, पन्नाशीला टेकल्यावर. जेवणाच्या सुट्टीत बगळा चिठ्ठी लावलेली बाटली माझ्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, "वाच, नाहीतर तुझा डबा मी खातो." पहिला शब्द मला वाचता आला तो "झरा". डबा त्या दिवशीही त्यानंच खाल्ला.

आमच्याकडचा खडक चुन्याचा, आतून पोखरलेला. ओढा डोंगरातून येतो आणि एका मोठ्या भोकात शिरून दिसेनासा होतो. त्या भोकाला सगळे घसा म्हणत. तिथून पाणी जमिनीखालून जातं आणि पार खाली, शहराच्या डोक्याशी, झरा होऊन बाहेर येतं. झऱ्यावर दगडी हौद बांधलाय. हौदाच्या एका तोंडाला लोखंडी झडप आहे. झडप वर असली की पाणी शहराच्या नळांना जातं. खाली केली की हौद चढत जातो आणि काठावरच्या सांडव्यातून नदीत पडतो. झडपेचं चाक माझ्या धाकट्या भावाच्या ताब्यात होतं. बगळ्याचा मामा, म्हणून तो सगळ्या कचेरीचाच मामा झाला होता. त्याच्यापेक्षा वयानं मोठे साहेबसुद्धा त्याला मामाच म्हणत.

कचेरीच्या प्रमुख मॅडम होत्या. बाईंचं वय फार नव्हतं, पण पाण्यातलं त्यांना सगळं कळत होतं, आणि न कळलेलं त्या सरळ "माहीत नाही" म्हणून सांगत. त्या मधूनमधून घशात हिरव्या रंगाची पूड टाकायला लावायच्या. रंग झऱ्याला किती वेळानं येतो ते बघायचं. वर कुणी ओढ्यात घाण सोडली, तर ती शहराच्या नळात पोचायच्या आत आपल्या हाताशी किती अवधी आहे, ते त्यातून कळत असे. रंग पोटात गेला तरी काही होत नसे, पण दिसायला भयंकर.

एकदा मॅडमनी मुद्दाम कुणाला न सांगता पूड टाकली. बघू, खाली कोण किती जागं आहे. मामानं हौद हिरवा झालेला पाहिला आणि तो डोकं खाजवत बसला. कचेरीत विचारावं की नगरपालिकेत, याच विचारात रंग नळांना पोचला. बायका भांडी घेऊन हौदावर आल्या. एकीनं पातेलं त्याच्या नाकाशी धरलं. "मामा, सरबत सोडलंत ते बरं केलंत, साखर मात्र विसरलात!" पुढे कितीतरी दिवस रस्त्यानं जाताना पोरंटोरं त्याला "सरबतवाले मामा" म्हणून हाका मारत.

मामा मनाला फार लावून घेणारा. बगळ्यानं त्याला कचेरीच्या पायरीवर बसवून नीट समजावलं. मी बाटल्या उपड्या घालत होते, सगळं ऐकत होते.

"मामा, रंग दिसला की विचार करत बसायचं नाही. आधी झडप खाली, मग फोन."

"आणि रंग तुमचाच निघाला तर?"

"तरी झडप खाली."

"आणि तू स्वतः टाकलेला असला तर? मग पुन्हा म्हणशील, मामाला अक्कल नाही, उगाच शहराचं पाणी तोडलं."

"अहो, मी टाकला असला तरी झडप खाली. मी सांगतोय ना. उघडायला काय, कधीही उघडता येते."

मामानं मान हलवली. नंतर तेच वाक्य तो चाक पुसताना स्वतःशी म्हणायचा, आधी झडप, मग फोन. मला हसू यायचं.

उन्हाळा सरत आला होता. ओढा करंगळीएवढा राहिला की घशात माणूस शिरू शकतो. आत आधी एक बोळ लागतो, तो ओणव्यानं पार करायचा. पुढे मोठी पोकळी, तिला आमची माणसं माजघर म्हणत. माजघराच्या मागच्या भिंतीला खडकाचा एक ओटा आहे. बगळा पाण्याची पातळी टिपणारं यंत्र बसवायला आत जाणार होता. पुढच्या आठवड्यात रंगाची चाचणी होती, तिच्या पुड्याही आत कोरड्या कपारीत ठेवून यायच्या होत्या. त्या पुड्या मीच भरल्या. साध्या कापडाच्या पुरचुंड्या, आणि त्या सगळ्या एका रबरी पिशवीत. पिशवीची दोरी त्यानं मनगटाला गुंडाळली.

"बांगडी छान दिसते," मी म्हटलं.

"तुझ्या सुनेला सांगू नकोस, मागेल," तो म्हणाला.

मॅडम घशाच्या तोंडाशी थांबल्या. तो आत गेला. त्याच्या दिव्याचा उजेड बोळातून वळला आणि दिसेनासा झाला.

वरच्या अंगाला एक दगडखाण होती. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठतं, ते त्यांनी पंप लावून उपसायला घेतलं आणि सरळ ओढ्यात सोडलं. कुणाला कळवलं नाही. मॅडमना आधी आवाज आला, मग गढूळ पाण्याचा लोंढाच. त्या भोकात तोंड घालून ओरडत राहिल्या. बघता बघता बोळ छतापर्यंत भरला.

मी पोचले तेव्हा मॅडम गळ्यापर्यंत भिजलेल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात खरचटले होते. मला बघून त्या उठल्या.

"मावशी, तो माजघरात पोचला होता. त्याची हाक मी ऐकली. माजघराला ओटा आहे. तो ओट्यावर बसलेला असणार."

"आणि पाणी ओट्यावर चढलं तर?"

"नाही चढणार. माजघरातलं पाणी झऱ्याच्या हौदाशी जोडलेलं आहे, एकाच भांड्याच्या दोन तोंडांसारखं. खाली झरा मोकळा वाहतोय तोवर माजघर तुंबणार नाही. वरून येणारं पाणी आपण तोडायचं, म्हणजे बोळ मोकळा होईल. तोवर त्यानं नुसतं बसून राहायचंय."

तो नुसता बसून राहिला तर वाचणार होता. मी ते धरून ठेवलं. कुणी काही बोललं की मी म्हणायची, त्याला नुसतं बसायचंय.

सूनबाई खाणीवर गेली. पंप बंद करा म्हणाली, तर तिथला माणूस म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. ती पंपावरच जाऊन बसली, चालू पंपावर.

"अहो बाई, उठा, भाजाल! साहेबांना विचारू द्या आधी."

"तुमच्या साहेबांचा मुलगा आत आहे का?"

त्यानं पंप बंद केला. तिची मांडी पोळली होती, ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

पण ओढ्यात आलेलं पाणी लगेच थोडंच ओसरतं. अग्निशमन दलाची माणसं आली. वाळूची पोती भरून ओढ्याला आडवा बांध घालायचा आणि पाणी जुन्या पात्रात वळवायचं ठरलं. दिवस मावळला, पुन्हा उगवला, पोती चालूच होती. मॅडम हातात फावडं घेऊन माणसांत मिसळल्या होत्या. घशाजवळच्या त्या घळीत फोन लागत नाही, त्यामुळे कुणी काही विचारायला येई ते पायीच.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या आधी मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, बोळातलं पाणी वीतभर उतरलंय. संध्याकाळपर्यंत माणूस आत पाठवता येईल. तो गारठलेला असेल. घरून घोंगडी आणा, त्याचे कोरडे कपडे आणा, मोजे आणा." त्यांना मला तिथून हलवायचं होतं हे मला कळत होतं. पण कपडे आणा म्हटल्यावर माझ्या पायात बळ आलं. मेलेल्या माणसासाठी कुणी मोजे मागवत नाही.

घरी सासूबाई ताटकळत होत्या. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की बगळा कामात अडकलाय.

"कसलं मेलं काम! दोन दिवस ओल्या पायांनी उभा असेल. ते लोकरीचे मोजे घे. वरच्या खणातले. ते नव्हेत, ते भोकाचे आहेत. अगं, रडतेस काय?"

"कांदा चिरत होते," मी म्हटलं.

"चुलीत जाळ नाही आणि कांदा चिरतेय," असं त्या पुटपुटल्या.

कपड्यांचं गाठोडं घेऊन मी हौदाच्या रस्त्यानं निघाले. लांबून बायकांचा गलका ऐकू आला. हौदाच्या कठड्याशी गर्दी होती. मी डोकावले आणि गाठोडं हातातून पडलं.

हौद हिरवा झाला होता. पोपटाच्या पिसासारखा, आतून उजेड लावल्यासारखा हिरवा.

त्या पुड्या मी भरल्या होत्या. चाचणी पुढच्या आठवड्यात होती. वरच्या घशाशी कुणाजवळ पूड नव्हती. म्हणजे एकच माणूस हा रंग टाकू शकत होता, आणि त्यानं तो आम्हाला दिसावा म्हणूनच टाकला होता. मी ओरडले, "जिवंत आहे! माझा बगळा जिवंत आहे!" आणि कठड्यावरच्या एका अनोळखी बाईला मिठी मारली. ती बिचारी घाबरून "हो, हो" म्हणाली.

मामा चाकाजवळ उभा होता. शर्ट घामानं चिकटलेला, चेहऱ्यावर मात्र समाधान. मला बघून तो पुढे आला.

"ताई, या वेळी मी चुकलो नाही बघ. रंगाची नुसती लकेर दिसली आणि झडप खाली. एक घागरसुद्धा हिरवी गेली नाही शहरात. कचेरीत फोन लावतोय केव्हाचा, कुणी उचलतच नाही. तुम्ही सगळे वर ना. म्हटलं, त्याच्यासाठी वर जाता येत नाही, निदान त्यानं शिकवलेलं काम तरी चोख करावं."

मी त्याच्याकडे बघत होते, पण मला हौदाच्या पायऱ्या दिसत होत्या. एरवी पायऱ्या कोरड्या असतात. बायका तिथे बसून पाय धुतात. आता एकही पायरी दिसत नव्हती. भिंतीवरची मोजपट्टी वरच्या आकड्यांपर्यंत बुडाली होती, आणि पाणी सांडव्यावरून धो धो नदीत पडत होतं.

"कधी?" मी विचारलं.

"काय कधी?"

"झडप कधी खाली केलीस?"

"सकाळीच. न्याहारीच्या सुमाराला. का गं?"

"तो रंग त्यानं टाकलाय. आतून. हौद चढला की आत माजघर चढतं. उघड. उघड ती!"

त्याला समजायला क्षणभर लागला. ते समजणं मी त्याच्या तोंडावर पाहिलं, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या तोंडावर दुसरं काही पाहिलं नाही. त्यानं चाकाकडे झेप घेतली. पाण्याच्या दाबानं झडप खाचेत अडकली होती. तो लोंबकळला, मी लोंबकळले, मघाशी जिला मिठी मारली होती ती बाई आली, आणखी दोघीतिघी आल्या. चाक करकरलं, थोडं फिरलं, मग एकदम सुटलं. हिरवं पाणी शहराच्या नळाकडे धावलं. एक पायरी दिसू लागली, मग दुसरी. मामा पायऱ्यांवर बसून पाण्याला हातानं पुढे ढकलत होता, जणू तेवढ्यानं ते लवकर जाणार होतं.

"उतरतंय, ताई. बघ, उतरतंय. तो पोहतो ना चांगला? तो पोहतो."

"पोहतो," मी म्हटलं.

मी वर धावत गेले. रंग आला एवढंच ऐकून सूनबाईनं हातातलं पोतं सोडलं आणि खालीच बसली, हसत. माणसांनी टोप्या उडवल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होत्या, कारण माझं तोंड त्यांना दिसत होतं. मी झडपेचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात काही आकडे मांडले. मग म्हणाल्या, "सांडव्यापर्यंत चढलं होतं?"

"हो."

"तेवढं चढलं की ओटा बुडतो," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "पण छत उंच आहे मावशी. ओट्याच्या वर खाचा आहेत. त्याला त्या माहीत आहेत. तो चढला असेल. आता तुम्ही खाली जा, बाटल्या भरा. एकामागून एक. तो शहाणा आहे. त्याच्याजवळ अजून पुड्या असतील. तो पुन्हा टाकेल."

मग मी आणि सूनबाई हौदावर बाटल्या भरत बसलो. एक भरली की कठड्यावर उन्हात ठेवायची, दुसरी भरायची. चाचणीच्या वेळी हेच काम मी कितीदा केलं होतं. हातानं पूड टाकली की बाटल्या कशा दिसतात ते मला पाठ होतं. आधी स्वच्छ, मग एकदम गडद, मग फिक्या होत होत पुन्हा स्वच्छ. सकाळचा रंग तसाच येऊन गेला होता. हौद निवळला. बाटल्यांतलं पाणी पुन्हा पाण्यासारखं झालं. आम्ही दोघी आणि मामा त्या पाण्याकडे डोळे लावून बसलो होतो. शहराच्या नळांना हिरवं पाणी गेलं होतं, पण त्या दिवशी एकही बाई भांडण करायला आली नाही. आल्या त्या आमच्यासाठी चहा घेऊन आल्या.

ऊन कलायच्या सुमाराला सूनबाईनं एक बाटली वर धरली. "आई, बघा. आला. आला ना?"

होता. अगदी फिका, लिंबाच्या पाण्यासारखा. मामा उठून उभा राहिला. "टाकला! त्यानं टाकला!"

मी पुढची बाटली भरली. तेवढीच फिकी. त्याच्या पुढची तेवढीच. मी गडद बाटलीची वाट बघत होते. भरत गेले, ठेवत गेले. कठडा भरला, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या बाटल्या सारख्या होत्या. वाढ नाही, घट नाही.

"तो थोडी थोडी टाकतोय," सूनबाई म्हणाली. "जपून वापरतोय, आई. चिमूट चिमूट. त्याचं सगळं तसंच असतं. टूथपेस्टसुद्धा कशी पिळतो तुम्हाला ठाऊक आहे."

"हो गं," मी म्हटलं.

"मग तुम्ही अशा का बघता?"

चिमूट टाकणारा हात मध्ये थांबतो. श्वास घ्यायला, कान द्यायला, दोरी सोडवायला. बाटल्यांत कुठेतरी तो थांबलेला दिसला असता. हा रंग कुठेच थांबत नव्हता. उघड्या पिशवीतल्या ओल्या पुरचुंड्या आपोआप पाझरत होत्या. मी सुनेला हे सांगितलं नाही. बाटल्या भरत राहिले, कारण ती म्हणाली, "आई, थांबू नका." मामाही म्हणाला, "थांबू नको ताई, मध्येच गडद येईल." आम्ही तिघं उजेड असेपर्यंत गडद बाटलीसाठी पाणी भरत होतो.

संध्याकाळी बोळ मोकळा झाला. अग्निशमनवाले दोघे आणि मॅडम आत गेले. मॅडमना कुणी जाऊ देत नव्हतं, पण वाट त्यांनाच ठाऊक होती. आत त्यांनी काय पाहिलं ते नंतर सांगितलं. दिवा ओट्याच्या वरच्या खाचेत नीट अडकवलेला होता. बूट त्यापेक्षा वरच्या कपारीत, कोरडे, जोडीनं ठेवलेले. तो खाली माजघराच्या पाण्यात होता. गारठलेल्या हातांना खाचा धरवल्या नसतील, असं त्या म्हणाल्या. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि दोरी अजून मनगटाला गुंडाळलेली होती.

लोकरीचे मोजे मी त्याला घातले.

त्यानंतर मामानं चाकाला हात लावला नाही. नगरपालिकेनं दुसरा माणूस ठेवला. खाणीची चौकशी झाली, कागद झाले, खाण चालू राहिली. मॅडमनी हौदावर एक पाटी लावून घेतली: घशात माणूस असेल तेव्हा झडप हलवायची नाही. ती पाटी मी न अडखळता वाचली. ज्याला वाचून दाखवावी तो घरात नव्हता.

मामा रोज संध्याकाळी यायचा आणि माझ्या ओट्यावर बसायचा. चहा दिला तर गार करून तसाच ठेवायचा. एकदा म्हणाला, "ताई, तू मला एकदा तरी शिव्या दे."

"कशाबद्दल?"

"तुला ठाऊक आहे कशाबद्दल. सगळे म्हणतात, मामा, तुमचा काय दोष. ऐकून ऐकून जीव चाललाय माझा. तू तरी बोल."

मी भांडी पुसत होते. बोलायचं म्हटलं असतं तर पुष्कळ होतं. रात्री उशीला तोंड लावून मी त्याला काय काय बोलले होते ते मला ठाऊक. पण समोर तो लहानपणी बसायचा तसाच गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"त्यानंच सांगितलं होतं ना गं?" त्यानं विचारलं. "आधी झडप म्हणून? मी चुकीचं तर ऐकलं नव्हतं? तू होतीस तिथे."

"होते. त्यानंच सांगितलं होतं."

"मी टाकला असला तरी, असं म्हणाला होता."

"असंच म्हणाला होता."

तो मान हलवत राहिला. मग उठून गेला. चहा तसाच होता.

माझा थोरला मुलगा त्या गुरुवारी दुपारी, घशातल्या माजघरात, बुडून गेला. माझा भाऊ पुढच्या वर्षी, थंडी सुरू होताना, झोपेत गेला. सासूबाईंचं हाड जुळलं. त्या आणखी सहा वर्षं जगल्या, आणि धाकटीला मुलगी झाली त्या वर्षी गेल्या.